मी ड्रम बनवला, त्यात एवढं काय?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी एक फोटो टाकला. गॅरेजमधल्या टेबलावर ठेवलेला लाकडी ड्रम. १४ इंच व्यास, ६ इंच उंची, वर पांढरं पान, खाली तारा. फोटोखाली एवढंच लिहिलं, "मी केला."

पाच मिनिटांत अंगठे, टाळ्या, फुलं. "शाब्बास!" "याला म्हणतात हाडाचा इंजिनियर!" "मराठी माणूस कुठेही गेला तरी..." (हे वाक्य कुणीच पुरं करत नाही.) एका काकांनी तर अमेरिकेत श्रमाला कशी प्रतिष्ठा आहे आणि आपल्याकडे कशी नाही यावर छोटा निबंधच लिहिला. मी खूश झालो. खोटं कशाला बोलू?

आता त्याआधीच्या आठवड्यात काय झालं ते सांगतो. तोच ग्रुप, तीच माणसं. विषय होता ताईचा मुलगा. भाचा बारावीला आहे, तबला बरा वाजवतो. तबल्याची पुडी बदलायला तो ज्या दुकानात जातो तिथे गेली दोन वर्षं तासन्‌तास बसून राहतो, आणि आता म्हणतोय की बारावीनंतर मला हेच शिकायचंय. तबला वाजवायला नाही, बनवायला. त्यावर ग्रुप पेटला. "डोकं फिरलंय का?" "चामड्यात हात घालणार?" "छंद म्हणून ठीक आहे, पण हे आपलं काम नव्हे." शेवटचं वाक्य श्रमप्रतिष्ठेचा निबंध लिहिणाऱ्या काकांचं.

मग ताईचा फोन आला. "तू समजाव रे त्याला. तुझं ऐकेल. तू इंजिनियर आहेस, तिकडे आहेस." मी म्हटलं, बघतो. बघितलं, विचार केला, आणि हा लेख लिहायला बसलो. ताई, तुला हा आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर आधी ड्रम. कारण ज्याचं एवढं कौतुक झालं ते काय होतं हे कळल्याशिवाय पुढचं भांडण कळायचं नाही.

लग्नाच्या बँडमध्ये किंवा शाळेच्या पंधरा ऑगस्टच्या परेडमध्ये गळ्यात अडकवून दोन काठ्यांनी वाजवतात तो साइड ड्रम तुम्ही पाहिलाय. त्याचाच भाऊ म्हणजे स्नेअर ड्रम. ड्रमसेटमध्ये वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांमध्ये असतो तो. याला वर एक पान आणि खाली एक पान. खालच्या पानाला चिकटून बारीक गुंडाळलेल्या तारांचा एक पट्टा, बहुतेक वेळा २० तारांचा. वर काठी पडली की आतली हवा खालच्या पानाला ढकलते, पान तारांवर आपटतं आणि तो "चर्रर्र" असा कडक आवाज येतो. एका बाजूला खटका असतो, तो सोडला की तारा सुटतात आणि मग हा नुसता ढोल.

माझा मुलगा इथल्या शाळेच्या बँडमध्ये तालवाद्यं वाजवतो. त्याला घरी सरावाला ड्रम हवा होता. शिकाऊ मुलांसाठीचा नवा ड्रम सव्वाशे-दीडशे डॉलरला मिळतो. मी म्हटलं, त्यात काय आहे? एक पिंप आणि दोन पानं! घरीच करू, स्वस्तात पडेल. (हे वाक्य इंजिनियरच्या तोंडून आलं की बायकोने पाकीट लपवावं.)

हिशेब आधीच देऊन टाकतो, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

बाद झालेला जुना ड्रम, कुणाच्या तरी गराज सेलमधून : ३५ डॉलर
वरचं पान : १९
खालचं पान : १७
तारांचा पट्टा : २२
लाकडाचा गोंद : ७
कड घासायचं ४५ अंशाचं पातं : २४
सँडपेपर : १२
लाकडाला लावायचं तेल : १६
एकूण : १५२ डॉलर

म्हणजे साधारण तेरा-चौदा हजार रुपये. वाचलं काय? काहीच नाही. नवा ड्रम याच पैशात आला असता आणि तीन महिन्यांचे शनिवार-रविवार वाचले असते. स्वस्तात करायची युक्ती एवढीच की जुना मोडका ड्रम घ्यायचा आणि त्याची धातूची कडी, ताण द्यायचे स्क्रू, ते जिथे बसतात ती लग आणि तारांचा खटका काढून घ्यायचा. हे सगळं नवं सुटं घेतलं तर लाकडापेक्षा महाग पडतं. लाकूड मात्र मला फुकट मिळालं. ॲश झाडाला लागणारी एक हिरवी कीड २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात सापडली आणि त्यानंतर आमच्या मिशिगनमधली ॲशची झाडं धडाधड मेली. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या अंगणातलं मेलेलं झाड कापून त्याच्या फळ्या गॅरेजात रचून ठेवल्या होत्या. त्यातल्या चार मला दिल्या. पैसे घेत नाहीत. बदल्यात हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ मी काढतो.

आता करायचं काय, तर पिंपाला असतात तशा उभ्या पट्ट्या कापायच्या आणि एकमेकींना चिकटवून गोल करायचा. मी २० पट्ट्या घेतल्या. गणित सहावीतलं आहे. ३६० भागिले २० म्हणजे १८ अंश, ते पट्टीच्या दोन कडांत वाटायचे, म्हणजे प्रत्येक कड ९ अंशात तिरकी कापायची. झालं. मी एक्सेलमध्ये तक्ता केला, कॅडमध्ये त्रिमितीय चित्र काढलं, ते गोल गोल फिरवून बायकोला दाखवलं. मग शेजाऱ्यांच्या करवतीवर २० पट्ट्या कापल्या आणि गोंद न लावता जमिनीवर गोल मांडल्या.

शेवटच्या जोडात जवळजवळ अर्ध्या इंचाची फट.

करवतीच्या काट्यावर ९ दिसत होतं, प्रत्यक्षात ८.९ असावं. एक दशांश अंश! पण कडा ४० आहेत. ४० गुणिले ०.१ म्हणजे ४ अंश, आणि ७ इंच त्रिज्येवर ४ अंश म्हणजे ही फट. चुका अशा साठत जातात हे मी कॉलेजात शिकलोय, त्यावरची उदाहरणं सोडवलीत, परीक्षेत मार्क मिळवलेत. ऑफिसात तरण्या मुलांना यावर लेक्चरही देतो. स्वतःच्या हाताने मात्र ती फट त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मग मी काय केलं? आपण जे करतो ते केलं. चालतंय की! सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून कचकचून गुंडाळल्या, ताणून फट मिटवली, जिथे मिटली नाही तिथे लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून भरला. नोव्हेंबर महिना, गॅरेजमध्ये चार-पाच डिग्री तापमान. दुसऱ्या दिवशी बाहेरून अगदी ड्रमासारखा ड्रम दिसत होता. आठवड्याने तो गोल तासायला घेतला आणि पहिल्याच फेऱ्यात कडकन आवाज होऊन दोन जोड उघडले. आत गोंद खडूच्या पुडीसारखा पांढरा. हा गोंद दहा डिग्रीच्या खाली नीट धरत नाही. हे बाटलीवर लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं.

आता शेजारच्या आजोबांबद्दल. त्यांनी चाळीस वर्षं मोटार कारखान्यांसाठी साचे बनवले. टूल अँड डाय मेकर. कॉलेजात गेलेले नाहीत. त्यांनी तो फुटका ड्रम हातात घेतला, जोडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "तुझी पदवी कशातली म्हणालास?"

"मेकॅनिकल."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "करवतीवरचा काटा म्हणजे करवतीचं मत असतं. आधी भंगार लाकडावर कापून बघ." मग त्यांनी जे दाखवलं ते माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. सगळा गोल एकदम चिकटवायचा नाही. दहा-दहा पट्ट्यांचे दोन अर्धगोल चिकटवायचे, घरात, उबेत. राहिलेली सगळी चूक मग त्या दोन अर्धगोलांच्या टोकांना येऊन जमते. ती टोकं सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या सँडपेपरवर घासायची, दोन्ही एकमेकांना बिनफट टेकेपर्यंत. मग जोडायचं. म्हणजे चूक होणारच हे धरून ती कुठे येऊ द्यायची हे आधी ठरवायचं. चार वर्षांच्या इंजिनियरिंगमध्ये मला हे इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

गोल आतून-बाहेरून तासायला लाकडी पाळण्यावर राउटर बसवला (इंटरनेटचा नव्हे, लाकूड कोरायचा. आमच्या गावच्या ग्रंथालयात पुस्तकांबरोबर हत्यारंही मिळतात, तिथून आणला). खरी परीक्षा पुढेच होती. पान ज्या कडेवर टेकतं ती कड म्हणजे ड्रमचा जीव. आतल्या बाजूने ४५ अंशाचा उतार, बाहेरून किंचित गोलाई, आणि संपूर्ण वर्तुळ एका पातळीत. कड कुठे वर-खाली असेल तर तिथे पान नीट बसत नाही, आणि स्क्रू कितीही पिळा, सूर जुळत नाही. स्वयंपाकघराचे ओटे बनवणाऱ्यांकडून ग्रॅनाइटचा एक टाकाऊ तुकडा आणला. त्यावर ड्रम पालथा घालायचा, खोलीत अंधार करायचा, आत टॉर्च ठेवायचा आणि बाहेरून कडेखालून उजेड दिसतो का ते पाहायचं. पहिल्यांदा सात ठिकाणी दिसला. चार संध्याकाळी घासल्यावर दिसेनासा झाला. या चाचणीत मार्क नसतात. उजेड दिसतो किंवा दिसत नाही.

त्यानंतर खालच्या कडेवर समोरासमोर दोन ठिकाणी, जिथून तारा जातात, तिथे दीड-दोन मिलिमीटरचा अलगद खोलगटपणा कानशीने आणावा लागतो, म्हणजे तारा पानाला सपाट बिलगतात. कमी झाला तर तारा थरथरत राहतात, जास्त झाला तर पानाला सुरकुत्या पडतात. मग लगांसाठी दर ४५ अंशांवर भोकं, हवेसाठी एक भोक, तेलाचे तीन हात. वरचं पान पाव मिलिमीटर जाडीचं, खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून पातळ. ते गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे पिळून ताणायचे. फेब्रुवारीत एका रविवारी ड्रम वाजला. मुलगा पाच मिनिटं वाजवून म्हणाला, "बाबा, चांगला आहे. थोडा जास्त घुमतो."

बरोबर आहे त्याचं. घुमतो.

हे सगळं एवढ्या तपशिलात का सांगितलं? कारण हे डोक्याचं काम आहे. यात भूमिती आहे, पदार्थांचे गुणधर्म आहेत, ध्वनी आहे, आणि हे सगळं बोटांच्या टोकावर आणावं लागतं. आणि आता तबला घ्या. माझ्या ड्रमला जे करायला तीन महिने लागले त्याच्या कितीतरी पुढचं काम तबल्याच्या पुडीत असतं. बकऱ्याच्या कातड्याची जाडी हाताने पारखायची. चाट, मैदान, गजरा. वादी ओढताना चहूबाजूंनी सारखा ताण. आणि ती शाई! थरावर थर घासत चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मध्ये जाड आणि कडेला पातळ, आणि ते इतकं नेमकं की साध्या ढोलातून कधी निघत नाही असा स्वच्छ सूर निघावा. ताणलेल्या पानातून सुरेल आवाज कसा निघतो हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी शोधून काढलं. मृदंग आणि तबल्यावरचा त्यांचा टिपणवजा लेख १९२० साली 'नेचर'मध्ये छापून आला. नोबेल मिळवणाऱ्या माणसाला ज्याचं कोडं सोडवावंसं वाटलं ते कोडं पुड्या बनवणाऱ्यांच्या बोटांनी आधीच सोडवून ठेवलं होतं. त्यांची नावं सांगता येतील कुणाला?

अमेरिकेत काय झालं बघा. ड्रम वाजवणाऱ्या विल्यम लुडविगने आपल्या भावाबरोबर १९०९ साली शिकागोत पायाने वाजवायचं पेडल बनवण्यापासून धंदा सुरू केला. आज ते आडनाव जगभरच्या ड्रमवर छापलेलं असतं. पूर्वी इथेही पानं वासराच्या कातड्याची असत, दमट हवेत ढिली पडत. १९५७ मध्ये रेमो बेली या ड्रमवाल्याने प्लॅस्टिकच्या पानांची कंपनी काढली, त्याचंही नाव पानावर. आणि आपल्याकडे? झाकीर हुसेन यांचं डिसेंबर २०२४ मध्ये निधन झालं तेव्हा बातम्यांमध्ये हरिदास व्हटकर हे नाव अनेकांनी पहिल्यांदा वाचलं. मूळचे मिरजेचे, मुंबईत कारखाना, १९९८ पासून झाकीरभाईंचे तबले बनवत होते. पंचवीस वर्षं ज्या आवाजावर आपण माना डोलावल्या तो ज्यांच्या हातांनी बांधला त्यांचं नाव कळायला वाजवणारा जावा लागला.

टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. दक्षिणेत मृदंग बनवणाऱ्या पिढ्यांवर. ते कारागीर प्रामुख्याने दलित ख्रिश्चन. गाईचं कातडं कमावणारे आणि मृदंग बांधणारे ते, आणि तो देवासमोर, सभेत वाजवणारे बहुतेक ब्राह्मण. वाचा आणि मग आपल्या गावातला ढोल, हलगी, संबळ, तबला कोण बनवतं ते आठवून बघा. तमिळनाडू फार लांब नाही.

इथे काका म्हणणार, "जात कशाला मध्ये आणतोस?" काका, मी नाही आणली. "हे आपलं काम नव्हे" या वाक्यात ती आधीच बसलेली होती. "आपलं" म्हणजे कुणाचं, हा एकच प्रश्न स्वतःला विचारा.

माझंच उदाहरण घ्या की. मी तीन महिने लाकूड तासलं, भुशाने माखलो, बोटाला चार टाके पडता पडता राहिले, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. का? कारण सोमवारी सकाळी मी पुन्हा इंजिनियर होतो हे तुम्हाला माहीत होतं. पगार वेगळीकडून येत होता. हातकाम मी पोटासाठी करत नव्हतो, म्हणून ते शोभून दिसलं. भाचा तेच काम पोटासाठी करू म्हणाला तर त्याला लाज वाटली पाहिजे. आणखी एक. माझ्या ड्रमवर प्लॅस्टिकचं पान होतं. पाकिटातून काढलं, चढवलं. कातड्याचा वास नाही, भिजवणं नाही, खरवडणं नाही. कामाचा जो भाग आपल्या समाजाने कधी माफ केला नाही तो मी केलेलाच नाही. मी स्वच्छ अर्धा भाग केला आणि पूर्ण कौतुक घेतलं.

याची सुरुवात माझ्यापुरती कुठे झाली तेही सांगतो. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप असायचं. लोखंडाच्या दोन पट्ट्या कानशीने घासून एकीत दुसरी बसेल असा 'जॉब' करायचा. दोन आठवडे हात सोलवटून घेतल्यावर सीनियरने अक्कल शिकवली. वर्कशॉपमधल्या मामांना पन्नास रुपये द्यायचे, जॉब तयार मिळतो. वर्गातल्या बहुतेकांनी तेच केलं. मीही केलं. मला पन्नासपैकी पंचेचाळीस मार्क मिळाले. ते मार्क मामांचे होते. त्यांच्या हाताला ते काम इतकं बसलेलं की बोलता बोलता घासायचे. आम्ही पोरं त्यांच्याच पट्टीवर इंजिनियर झालो, आणि ते राहिले मामा. त्यांचं नाव मला आठवत नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मी कधी विचारलंच नव्हतं. १९९५ साली जो जॉब विकत घेतला त्याचीच फट तीस वर्षांनी मिशिगनच्या गॅरेजमध्ये उघडली, असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, आला मोठा अमेरिकेचे गोडवे गाणारा. अजिबात नाही. इथली माणसं घर स्वतः रंगवतात आणि नळ स्वतः बसवतात त्याचं पहिलं कारण मजुरी महाग आहे हे आहे, थोर विचार नव्हे. इथेही कित्येक शाळांतून सुतारकामाचे वर्ग गेले. आजोबांच्या नातवंडांपैकी एकालाही कानस धरता येत नाही. आणि ढोलाच्या बाबतीत या देशाचे हातही स्वच्छ नाहीत. साउथ कॅरोलिनामध्ये गुलामांचं बंड झाल्यावर १७४० च्या कायद्याने त्यांना ढोल बाळगायलाही बंदी केली होती. तेव्हा "तिकडे बघा" म्हणणाऱ्यांत मला धरू नका. मी तुमच्यातलाच आहे, म्हणून तुमच्याशी भांडतोय.

खरा आक्षेप ताईचा आहे. "त्यात पैसा नाही." खरं आहे. पण का नाही? पुडी बदलून घेताना घासाघीस कोण करतं? मुलाच्या क्लासची फी मुकाट भरणारे आपणच त्या दुकानात "एवढे कशाला? गेल्या वेळी कमी घेतले होते" म्हणतो. मॉलमध्ये भाव करत नाही, तिथे करतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बातम्या आपल्या ग्रुपवर अभिमानाने फिरल्या. मानांकनाने अभिमान वाढतो, कारागिराचा दर आपण वाढवल्याशिवाय वाढत नाही. काम स्वस्त ठेवायचं आणि मग स्वस्त आहे म्हणून मुलांना त्याच्याजवळ जाऊ द्यायचं नाही, हे आपण दोन्ही हातांनी करतोय.

ताईचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "तुझ्या मुलाला करू देशील का?" फोनवर मी गप्प बसलो. आता उत्तर देतो. मला भीती वाटेल. मी त्याला गणित सोडू नकोस म्हणेन, पैशांचा हिशेब मांडायला लावीन, दोन वर्षांची मुदत घालीन. पण "हे आपलं काम नव्हे" असं म्हणणार नाही. भीती वाटणं वेगळं, लाज वाटणं वेगळं. भीतीवर हिशेब मांडता येतो.

तेव्हा ताई, मी त्याला समजावणार नाही. बारावीची परीक्षा नीट दे एवढं सांगेन. सुट्टीत त्याला त्या दुकानात जाऊ दे. नुसतं बसायला नाही, शिकायला. त्याच्या तबल्याच्या क्लासला जेवढी फी देतेस तेवढी त्या दुकानवाल्यांना महिन्याला दे. ते शिकवायला तयार असतील तर, कारण ती त्यांची पोटाची विद्या आहे आणि नाही म्हणायचा हक्क त्यांचा आहे. जमत नसेल तर ती फी मी पाठवतो. दोन महिने कातडं भिजवून, खरवडून, बोटं सोलवटल्यावरही तो सकाळी उठून गेला, तर आपण पुढचं बोलू. नाही गेला तर कॉलेज आहेच. पण तबला हातात घेताना तो ज्या माणसाचा झाला त्याचं नाव त्याला माहीत असेल.

आणि भाचेबुवा, तुम्हालाही दोन शब्द. तू आपल्या घरातला आहेस. उद्या तू चार पुड्या शिकलास तर वर्तमानपत्रात तुझा फोटो येईल, "उच्चशिक्षित तरुणाने जपली कला" म्हणून. ज्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली त्यांचा येणार नाही. तेव्हा मथळ्यात त्यांचं नाव घालायला लाव, नाहीतर फोटो देऊ नकोस. मला ते फेब्रुवारीत सुचलं नाही. ग्रुपवर "मी केला" असं लिहिलं. लाकूड आजोबांचं, करवत त्यांची, दोन अर्धगोलांची युक्ती त्यांची, आणि मी लिहिलं "मी केला".

काल तो फोटो पुन्हा टाकला, खाली आजोबांच्या कामाची सगळी हकीकत लिहून. या वेळी दोनच अंगठे आले. एक भाच्याचा, आणि एक ताईचा.